दुसऱ्यांचे घोडे

४ ऑगस्ट, सोमवार

आणखी एक शेठ! या शहरात पैसा झाला की माणसं आधी मोठी गाडी घेतात, मग बेसाला बंगला बांधतात, आणि तरी उरला की घोडा घेतात. घोड्याला खायला काय लागतं, ते नंतर मला विचारतात.

आजचा नमुना गिरिधर. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा अडत्या. साठीच्या आतबाहेर. पोट आधी येतं, माणूस नंतर. पांढरी सफारी, पायात चपला. क्लबच्या तबेल्यात चपला! खूर पडला बोटांवर की कळेल.

घोडा मात्र — काय घोडा आहे! रेसकोर्सवरून उतरवलेला, सात वर्षांचा, तांबूस. बरगड्या दिसतायत, खूर वाढलेत, पण ते भरून निघेल. खांदा बघावा. मागचे पाय बघावेत. कागदावर नाव 'इम्पीरियल'. शेठजींनी ठेवलेलं नाव — संत्र्या. रंगावरून! मी हसले नाही. हसायलाही समोरच्याची लायकी लागते.

"कायले घेतला?" मी मुद्दाम त्याच्याच भाषेत विचारलं. त्याला ते टोचलंसुद्धा नाही.

"साळ्यासंग जमीन पाहाले गेलो होतो जी, काटोल रोडले. थो तिथं बांधून होता. त्यानं मले पाहिलं, म्या त्याले पाहिलं. घेऊन टाकला."

माणसं वांगीसुद्धा अशी घेत नाहीत.

"बसायचंय तुम्हाला?"

"एकडाव बसीन म्हणतो. पण आधी वळख तं होऊ द्या."

ओळख म्हणे! लग्नाला स्थळ बघायला आलाय.

६ ऑगस्ट

आज बसले. घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार प्रीतम, त्याने दोन्ही हातांनी तोंड धरलं, तेव्हा कुठे. रिकिबीत पाय घातला की हा मागे मागे जातो, कान पाडून, डोळ्यांचं पांढरं दाखवत. रेसवाले चालत्या घोड्यावर जॉकीला फेकून बसवतात, याला उभं राहणं कुणी शिकवलेलंच नाही. असो. एकदा वर गेलं म्हणजे झालं.

सहज एक दांडी आडवी लावली, गुडघ्याएवढी. त्याने ती अशी ओलांडली की खाली नदी आहे! मी लगेच वळवून पुन्हा नेला. अशी उडी — किती वर्षांनी!

डिसेंबरात उडीच्या स्पर्धा आहेत. मी एक्केचाळीस. राष्ट्रीय पदक आहे, पण ते आता आईच्या शोकेसमध्ये काचेच्या बदकाशेजारी. जन्मभर दुसऱ्यांचे घोडे तयार केले. तयार झाला की मालक येतो, थँक्यू मॅडम म्हणतो, आणि मुलीला देतो नाही तर पुण्याला विकतो. हा नाही जाऊ देणार. हा माझ्याखाली उडी मारेल. मालक कोण का असेना.

८ ऑगस्ट

शेठचा बंदोबस्त केला. याला कंटाळवायचं. खोगीर दाखवायचंच नाही.

म्हटलं, "शेठजी, आधी जमिनीवरचं काम. दोर धरून चालायचं. तुम्ही थांबलात की त्याने थांबायचं, तुम्ही मागे सरकलात की त्याने मागे. ओढायचं नाही, मारायचं नाही, ओरडायचं नाही. हे जमेपर्यंत वर बसणं नाही."

पुस्तकातलं वाक्य न् वाक्य. मी स्वतः हे शेवटचं कधी केलं, आठवत नाही. कुणाला वेळ आहे!

"किती दिवस जी?"

"तो सांगेल."

चेहरा असा केला मी की जणू हिमालयात शिकून आले. शेठने मान डोलावली. पोळ्याच्या आत पळून जाईल.

१३ ऑगस्ट

पळाला नाही. रोज पहाटे कळमन्याचा लिलाव आटोपून येतो. चपला जाऊन गमबूट आलेत — हिरवे! गोल कुंपणात दोर धरून फिरतो आणि दुसऱ्या हातात फोन. "अरे, काटोलचा माल वेगळा लाव ना बे! ओला हाय तो!" ओरडतो फोनवर, घोड्याच्या कानाशी. मी म्हटलं ओरडायचं नाही सांगितलं होतं.

"त्याच्यावर नाई ओरडून राहिलो जी."

घोडा मान खाली घालून चाललेला. महिनाभरात याला संत्र्याचे भाव पाठ होतील.

१७ ऑगस्ट

रविवार म्हणजे पालकांची जत्रा. मुलगा घोड्यावर, आई व्हिडिओवर, बाप गॉगलवर. "मॅम, याला गॅलप कधी शिकवणार?" शेंबूड पुसायला शिकव आधी.

इम्पीरियल आता कमरेएवढी उडी हसत घेतो. घोडा हसतो का? हा हसतो.

२२ ऑगस्ट, पोळा

हे लिहिलंच पाहिजे. आज गिरिधर शेठ घोड्याला सजवून बसला! शिंगं नाहीत म्हणून आयाळीला गोंडे. पाठीवर बैलाची झूल. कपाळाला गुलाल. आणि सुभद्राबाई, त्याची बायको, पुरणपोळीचं ताट घेऊन ओवाळायला उभी.

"पोळा बैलांचा असतो," मी म्हटलं.

"हो ना जी. पण त्याले थोडीच मालूम हाय थो बैल नाई म्हणून."

नरखेडकडच्या कुठल्याशा खेड्यात याच्या बापाची पटाची जोडी होती म्हणे. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पहिली यायची. शेठ लहानपणी त्या बैलांजवळ झोपायचा. हे सगळं मी विचारलं नव्हतं. सांगत सुटला. घोड्याने पुरणपोळी खाल्ली. अख्खी. पोटात कळ आली की डॉक्टरला मीच फोन करायचा.

२३ ऑगस्ट

आज मारबत. जुन्या शहरात पुतळ्यांच्या मिरवणुकीने रस्ते बंद, ढोल इथपर्यंत ऐकू येतात. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! आणि जमलं तर कळमन्याचा एक अडत्याही ने.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. शेठने मला शाल आणि नारळ दिला. सगळ्यांसमोर. पाया पडायला वाकला, पोटामुळे अर्ध्यावर थांबला. प्रीतम तोंड लपवून हसत होता. शाल बरी आहे. आईला देईन.

१४ सप्टेंबर

मी आज उशिरा पोचले. गोल कुंपणाशी गर्दी — दोन-तीन विद्यार्थी, प्रीतम, सुभद्राबाई प्लास्टिकच्या खुर्चीत. आत शेठ चाललेला, हात मागे बांधून, पार्कात फिरायला आल्यासारखा. आणि मागे घोडा. दोर नाही. काही नाही. शेठ वळला की घोडा वळतो. शेठ थांबला की थांबतो, नाक त्याच्या खांद्याशी. शेठ मागे सरकला, घोडा मागे सरकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्कस!

"म्याडम, पाहा ना! माह्या मागंमागं येऊन राहिला!"

मी म्हटलं, खिशात गूळ असेल. त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. किल्ल्या निघाल्या आणि एक बिल.

मग मी खोगीर घालून मैदानात नेला. माझ्याकडे येताना त्याने मान वर केली, पण आला. येणारच. उडी घेतली — स्वच्छ! मागे मागे येणं म्हणजे घोडेस्वारी नव्हे. कुत्रंही येतं.

२८ सप्टेंबर

छातीएवढी. दोनदा पाडली, तिसऱ्यांदा गेला. मान वर फेकतो, म्हणून जादा लगाम लावला, दोन्ही बाजूंनी आवळून. आता मान जागेवर.

२ ऑक्टोबर, दसरा

शेठने घोड्याला सोनं वाहिलं. आपट्याची पानं घोड्याने खाऊन टाकली. सुभद्राबाई मला म्हणाल्या, "यांची बीपीची गोळी कमी केली वं डॉक्टरनं. घोड्याच्यानं." मग आवाज खाली आणून, "घरी आमी दोघंच न्. टीव्हीकडं पाहू पाहू थकलो होतो."

मला काय सांगता! मी काय दवाखाना चालवते?

९ ऑक्टोबर

आज थांबला. उडीच्या तोंडाशी आला आणि पाय रोवले. मी मानेवर. छडीने समजावलं, मग गेला. घोडा चोर होतो असा — एकदा थांबू दिला की सवयच लागते.

प्रीतम म्हणतो, "म्याडम, तुमची स्कूटी आली ना गेटवर, की हा लीद टाकून राहिला. पातळ."

चारा बदल, म्हटलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याने पेढी सोडून तबेल्यात बसावं! फटाक्यांना घाबरेल म्हणून काल सूर्य मावळल्यापासून घोड्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसला होता म्हणे. सुभद्राबाई ताट घेऊन इथेच आल्या. प्रीतमनेही इथेच जेवून घेतलं. सांगताना त्याचे डोळे पाणावले होते. मोतद्दार पण बिघडवला माझा.

मी आईकडे होते. पदकाशेजारी आता दोन बदकं आहेत.

१ नोव्हेंबर

आज शेठने विचारलं, बसायचं कधी. मी म्हटलं, घोडा सांगेल. "बराबर हाय," म्हणाला. आणि काय केलं — चढायच्या दगडी ओट्याशी घोड्याला उभं केलं, स्वतः ओट्यावर चढला, आणि नुसतं उभा राहिला. वरून पाठ खाजवत. घोडा हलला नाही. मग पोट टेकवलं पाठीवर, धान्याचं पोतं टाकावं तसं, आणि उतरला. घोडा जांभई देत होता!

याच घोड्याचं तोंड माझ्यासाठी अजून प्रीतमला धरावं लागतं.

वजनाचा परिणाम असेल. चपटा झाला असेल बिचारा.

१२ नोव्हेंबर

तोंडाच्या कोपऱ्याला सोललंय. लगामाचं. सगळ्यांचंच सोलतं. प्रीतमला मलम लावायला सांगितलं. लावलं त्याने, पण नंतर भांडी आदळली. मोतद्दाराला राग यायला लागला की समजावं, मालक फार लाडावतोय.

रितिका आली होती आज, मैदान बघायला. माझीच विद्यार्थिनी. बावीस वर्षांची, बापाने जर्मनीहून घोडा आणून दिलाय. "मॅम, तुम्हीपण उतरताय डिसेंबरमध्ये? वॉव, सो इन्स्पायरिंग!" म्हणजे या वयात, असं.

दाखवते.

१५ नोव्हेंबर

आज तीनदा थांबला. उद्या सोडणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गळ्याचं हाड मोडलंय. डाव्या बाजूचं. लिहायचा हात वाचला.

काल सकाळी. रविवार, म्हणजे सगळी जत्रा बघायला. पहिल्यांदा आला, थांबला. मारलं. दुसऱ्यांदा थांबला. मारलं. प्रीतम कुंपणावरून म्हणत होता, बस करा म्याडम, बस करा. तिसऱ्यांदा मी त्याला लांबून आणला, जोरात, छडी मारत मारत — आणि तो उडीपाशी थांबला नाही. तो उभा झाला. सरळ वर. मला आभाळ दिसलं, मग त्याची मान, मग माती.

शुद्ध गेली नव्हती. पडल्यापडल्या दिसत होतं. लगाम पायांत अडकलेला, तुटला, आणि तो गेटातून बाहेर! कुणाच्या तरी ड्रायव्हरने गेट उघडं टाकलेलं. बाहेर तीनशे पावलांवर रिंग रोड. रविवारचे ट्रक. सगळे ओरडत मागे धावले — धावणाऱ्या घोड्यामागे धावतात, शहाणे!

शेठची गाडी समोरून येत होती. तो गाडी आडवी घालून उतरला. मला वाटलं हात पसरून आडवा होईल आणि मरेल. तो आडवा झाला नाही. घोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठ फिरवली आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागला, हात मागे बांधून.

घोडा त्याच्या पुढे निघून गेला. मग वेग तोडला. वळला. मान खाली घालून परत आला आणि त्याच्या मागे चालायला लागला. तोंडातून रक्त, अंगाला फेस, एक पाय उचलत उचलत. दोघं तसेच गेटातून आत आले.

नशीब. निव्वळ नशीब. ट्रक नव्हता म्हणून.

१८ नोव्हेंबर

डॉक्टर तिशीचा पण नसेल. "आंटी, आता घोडे-बिडे सोडा." तोंड फोडायला एक हात मोकळा होता.

२० नोव्हेंबर

ते दोघं आले होते. लिफ्ट बंद. शेठ संत्र्याची करंडी खांद्यावर घेऊन वर चढून आला, धापा टाकत. सुभद्राबाईंच्या हातात डबा.

"दुखते का वं पोरी?"

"नाही."

"खोटं बोलते," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. कुणी विचारलं!

मी वाट बघत होते. आता म्हणेल — माझ्या घोड्याचं वाटोळं केलं. तोंड फाडलं. क्लबात तक्रार करतो. मी उत्तरं तयार ठेवली होती. शेठने करंडी पुढे ओढली. संत्री सोलत बसला. साल काढून, दोरे काढून, एकेक फोड माझ्यापुढे ताटलीत. मला एकच हात आहे म्हणून.

शेवटी मीच म्हटलं, "घोडा भित्रा निघाला तुमचा. अंग आहे, हिंमत नाही. मी बरी झाले की भीती काढेन त्याच्यातून."

"म्याडम," तो म्हणाला, "उडीचं राहू द्या आता."

"डिसेंबर गेलाच आहे."

"डिसेंबरचं नाई. उडीचंच राहू द्या."

चढला मला राग! "तुम्हाला घोड्यातलं काय कळतं हो?"

"काईच नाई कळत जी." फोड ठेवली ताटलीत. "म्या तं तुमी सांगतलं तेवढंच केलं. ओढाचं नाई, माराचं नाई, ओरडाचं नाई. म्हटलं, येवढ्या मोठ्या म्याडम, पदकवाल्या. त्यायनं सांगतलं तं खरंच असन. रोज तेवढंच करून राहिलो."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. हा माणूस मनापासून बोलत होता! मी त्याला पळवून लावायला जे फेकलं, ते त्याने उचलून डोक्याला लावलं. असल्या माणसाचं काय करायचं?

सुभद्राबाई आतून म्हणाल्या, "जीभ पण कापली वं त्याची. दाण्याले तोंड लावत नाई. हे भिजवून भिजवून हातानं चारून राहिले."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोर नवी इमारत उठतेय. घाण.

ते गेल्यावर करंडी बाल्कनीत ढकलली. शेजारणीला देऊन टाकेन. एक खाल्लं. गोड! याची संत्रीसुद्धा गोड.

२९ नोव्हेंबर

आई म्हणते, परत ये, शाळेत खेळाची शिक्षिका हो. रांगेत उभं करून शिट्टी वाजवायची. लेफ्ट राइट.

७ डिसेंबर

रितिकाचा पहिला नंबर. फोनवर फोटो आला. घोडा जिंकला, ती वर बसलेली होती.

११ डिसेंबर

क्लबात गेले, हात गळ्यात. सगळे 'काळजी घ्या मॅम'. प्रीतमने खुर्ची आणून दिली, झटकून. सरळ तोंडाकडे मात्र बघत नाही.

घोड्याच्या खोलीशी गेले. तोंड भरत आलंय. माझ्याकडे एक कान केला, बास. थंडी पडलीये चांगली, वाऱ्याने केस तोंडावर येत होते. सारखे करायला मी हात वर केला — तो असा मागे गेला की पाठ भिंतीवर आदळली. अंग थरथरत होतं. मानेपासून मागच्या पायांपर्यंत, पाण्यावर तरंग जावा तसं.

थंडी असेल.

१४ डिसेंबर, रविवार

शेठ बसला आज. मला मुद्दाम फोन करून बोलावलं. "तुमच्याशिवाय नाई बसत जी."

ओट्यावर चढला. तोंड कुणी धरलं नव्हतं. घोडा उभा. शेठने पाय टाकला, अडकला, परत टाकला, पोट आडवं आलं, सुभद्राबाई "जपून, जपून वं माय" करत. घोडा उभाच! मग तो बसला. पोत्यासारखा. टाचा वर, कोपरं बाहेर, पाठीला बाक. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असा बसला असता तर मी सगळ्यांसमोर उतरवला असता. लगाम तर हातात नुसता लोंबत होता, वाळत घातलेल्या दोरीसारखा.

एक फेरी. चालत. बास.

पण मी शेठकडे बघत नव्हते. घोड्याकडे बघत होते. मान लांब सोडलेली, कान दोन्ही बाजूंना सैल, तोंड चघळत, पावलं जड, निवांत — बाजाराहून घरी निघालेल्या म्हातारीसारखा. मी या घोड्यावर तीन महिने बसले. माझ्याखाली हा असा कधीच चालला नाही. मी चालू दिलाच नाही असं नाही. तो चालतच नव्हता. तो पहिल्या दिवसापासून माझ्यापासून पळत होता. पुढच्या दिशेने पळत होता, म्हणून मला ती उडी वाटली.

हे काय लिहिलं मी!

शेठ उतरला, रडत होता. मोठा माणूस, सफारीच्या बाहीने नाक पुसतोय. माझ्यासमोर येऊन हात जोडले. "तुमच्या आशीर्वादानं, म्याडम."

मी म्हटलं, टाचा खाली ठेवत जा.

१६ डिसेंबर

झोप नाही. हाड दुखतं, दुसरं काही नाही.

१८ डिसेंबर

रितिकाच्या बापाचा फोन. जर्मन घोड्याला जोडीदार आणतायत, त्याला तयार करायला मी हवी. पुढच्या मोसमात मीच उतरायचं त्याच्यावर, असंही म्हणाला. पैसा म्हणाल तेवढा. सहा महिन्यांपूर्वी मी रस्त्यात नाचले असते.

विचार करून सांगते म्हटलं. कसला विचार, ते मला माहीत नाही. माणूस मूर्ख आहे, घोडा चांगला असणार.

१९ डिसेंबर

नाही म्हणून कळवलं. त्याने कारण विचारलं. मी फोन ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार

काल गिरिधरजींना फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी मी थोडा वेळ घोड्याजवळ, गोल कुंपणात गेले तर चालेल का? काही करायला नाही. नुसतं.

"जा ना जी. विचारता कायले?"

विचारायला हवं, म्हटलं.

आज उजाडताना गेले. हात रिकामे. मी आत आल्याबरोबर तो पलीकडच्या टोकाला गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी मातीत बसले. ऊन कुंपणावर आलं, मग माझ्या पायांवर आलं. तो वळला नाही.

बरोबर आहे त्याचं.